हाडाचा गळ

आज कपाटाचा खण उघडला, तर लॉकेट आणखी फिकट झालेलं. पॅसिफिक बेटांवरचे लोक घालतात तसं, मासे धरायच्या गळाच्या आकाराचं, हाडाचं. कोरायला शिकताना केलेलं माझं पहिलंच. कानस घसरून जरा तिरकं झालेलं.

“शी! हाड कसलं घालतोस गळ्यात?” सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या.

“हिने केलंय ना? मग झालं.”

त्याने ते शेवटपर्यंत काढलं नाही. अंगाच्या घामातेलाने हाडाला रंग चढतो. त्याच्या छातीवर ते मधासारखं पिवळं झालं होतं. कोरताना किती घासायचं ते माझ्या हातात होतं. आता ते आपलं आपण पांढरं होतंय आणि मी नुसती बघतेय. गळ्यात घातलं तर पुन्हा पिवळं होईल, माहीत आहे. पण तो रंग माझा असेल.