माझ्या बाजूचा ब्रेक

गाडीत बसल्यावर काकू आधी चावीला हात लावत नसत. चप्पल काढायच्या, उजव्या पायाने ब्रेक तीनदा दाबायच्या आणि तिसऱ्या वेळी पेडल पायाखाली घट्ट लागलं की मान हलवून म्हणायच्या, "हाय." म्हणजे ब्रेक आहे. मग पदर खोचायचा, मग चावी. त्या तीन दाबांच्या मध्ये कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. मी एकदा "काकू, आज थंडी फार आहे" एवढंच म्हणाले, तर त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना जीपवाल्या काकूच म्हणत. पाथर्डी गावाकडे त्यांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. काका दुखण्याने गेले आणि मागे त्यांची जुनी जीप राहिली. गोल दिवे, ताडपत्रीचं छत, दारं नावालाच. पन्नाशी उलटल्यावर काकू मळ्यातल्या मळ्यात ती चालवायला शिकल्या. त्यात शेवग्याचं एक झाड आडवं झालं. "झाड गेलं, पन मी शिकले," हे त्या अगदी हिशेब चुकता झाल्यासारखं सांगायच्या.

सकाळी मळ्यातून फुलं भरून आल्या की घरी चहा प्यायच्या आणि बाजाराला निघताना मला सोबत घ्यायच्या. मी द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात केसपेपर काढते. सकाळच्या पाळीला रिक्षा मिळायची मारामार, म्हणून मी हो म्हणाले. आणि रोज पस्तावले. तुम्हाला खरं सांगते, मी जन्माची भित्री. रिक्षातसुद्धा दांडी धरून बसते. त्या जीपमध्ये तर समोर ट्रक दिसला की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जणू ब्रेक माझ्याच पायाखाली आहे. दाबून दाबून माझ्या बाजूच्या रबरी मॅटला भोक पडलं. काकूंनी ते पाहिलं आणि पोट धरून हसल्या.

"तुझ्याबी बाजूला एक ब्रेक बसवून घेऊ का गं?"

"बसवाच," मी म्हणाले. मी काही हसले नव्हते.

तीनदा दाबायची गोष्ट मला त्यांनी द्वारकेच्या सिग्नलला अडकलो असताना सांगितली. लग्नानंतर काही वर्षांनी दोघं वणीच्या गडावरून उतरत होती. काका चालवत होते. वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली टेकलं. "मालकांचं तोंड पांढरंफटक झालं. पन त्यांनी पाय उचलला, परत दाबला. काय नाय. परत उचलला, परत दाबला. तिसऱ्याला लागला बघ. भायेरच्या चाकाखालचे खडे खाली गेलेले मी कानांनी ऐकले." एवढं बोलून त्यांनी समोरच्या बसकडे बघत पायाखालचा ब्रेक चाचपला. तेव्हा मला कळलं की ही बाईसुद्धा घाबरते. रोज घाबरते आणि रोज जाते. मला आधी वाटायचं, धीट माणसांना भीती वाटतच नसेल.

जीप म्हातारी झाली होती. ब्रेकमध्ये ऑइल घातलं की चार दिवसांत खाली जायचं. मिस्त्री म्हणायचा, "काकू, हिचे पार्ट आता मिळत नाहीत, मी किती दिवस जुगाड करू?" काकूंचा मुलगा पुण्याला नोकरीला. जीप बदल म्हणून तो फोनवर ओरडायचा, मग गयावया करायचा. शेवटी एका रविवारी तो आला आणि आम्हा दोघींना गाडीच्या शोरूममध्ये घेऊन गेला. मला का, तर आई माझं ऐकते असा त्याचा गैरसमज होता.

तिथे नवी जीप उभी होती. पण काय सांगू तुम्हाला, हुबेहूब जुनीच! तेच गोल दिवे, तसंच चौकोनी नाक, तसेच फुगलेले मडगार्ड. फक्त सगळं चकचकीत, आणि आत गारेगार एसी. मुलगा म्हणाला, "बघ आई, तुझीच जीप. फक्त नवी."

काकूंनी बोनेटवरून हात फिरवला. आत बसल्या. चप्पल काढली.

पहिल्यांदा दाबला. दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखं घट्ट झालं, हलेचना. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई, हे तर जाम झालं."

तिथला पोरगा हसत म्हणाला, "आजी, गाडी बंद असताना सारखं दाबलं की तसंच होतं. पाय तसाच ठेवा आणि स्टार्ट करा." काकूंनी पाय तसाच ठेवून गाडी चालू केली, आणि ते दगडासारखं पेडल पायाखाली आपोआप खाली सरकलं.

त्यांनी किंकाळी फोडली. खरंच फोडली. पेडल खाली जाणं म्हणजे काय ते त्यांच्या अंगाला ठाऊक होतं. दार उघडून त्या अनवाणीच बाहेर पडल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पोरगा समजावत होता, की नव्या गाडीचा ब्रेक असाच असतो, तो इंजिनाच्या जोरावर चालतो. काकू ऐकतच नव्हत्या.

"तोंड आपल्या गाडीचं हाय," त्या म्हणाल्या, "पन ही आपली नाय. मला नको."

मुलगा वैतागला. "आई, त्या खटाऱ्यात जीव जाईल तुझा!"

"त्या गाडीचं भ्या माझ्या वळखीचं हाय रे. ह्या गाडीचं भ्या मला वळखतच नाय."

मला ते पटलं होतं. भित्र्या माणसाला पटणारच.

त्यानंतरच्या सकाळी मला नकोशा झाल्या. काकू ब्रेक दाबायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. आणि एक दिवस तिसऱ्या वेळी "हाय" आलंच नाही. चौथ्यांदा दाबला. पाचव्यांदा. मी खाली पाहिलं, पेडल अजून खालीच जात होतं. काकू म्हणाल्या, "हाय." पण माझ्याकडे न बघता.

"काकू, नाहीये."

त्या हळूच म्हणाल्या, "तू उतर. रिक्षाने जा. मी सावकाश जाते, फुलं सुकतील."

आता खरं तर मी उडी मारून उतरायला हवं होतं. तीन वर्षं मी याचीच वाट पाहत होते ना? पण माझ्या मनात आलं, मी उतरले की ही बाई जाईल. आणि मी संध्याकाळी घरी आले की फाटकाशी माणसं जमलेली असतील. मी दांडी घट्ट धरली.

"मी नाही उतरत. जायचं तर दोघी जाऊ."

"अगं येडी का काय तू! सिग्नललासुदिक भ्यायची तू!"

"भितेच आहे. खूप भितेय. पण उतरत नाही, जा."

काकूंनी चावी काढली आणि ती माझ्या मांडीवर टाकली. "पोराला फोन लाव," म्हणाल्या. "म्हनावं, आन ती तुझी नवी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्यावर राग होता. मला दोन्ही चाललं.

नवी जीप आली, जुनी मळ्यात गेली. आई गुपचूप जुनी बाहेर काढेल म्हणून मुलाने मिस्त्रीला तिचं ब्रेकचं पेडलच काढून ठेवायला सांगितलं. नवी शिकवताना तो एकच गोष्ट सांगत राहिला. "आई, तीनदा दाबायचं नाही. एकदाच दाबायचं आणि दाबून धरायचं. अचानक जोरात दाबलं की पेडल थरथरेल, कटकट वाजेल. काहीही झालं तरी पाय सोडायचा नाही." काकू मान डोलवायच्या आणि निघताना तीनदाच दाबायच्या. सवय ती सवय.

मग ती धुक्याची सकाळ. इंदिरानगरच्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि पुढे पांढरी भिंत. त्या भिंतीत एकदम कांद्याची ट्रॉली! दिवा नाही, काही नाही, रस्त्यात उभी. काकूंनी ब्रेक दाबला. पेडल थरथरायला लागलं, खालून कडकड आवाज आला, आणि मला दिसलं, काकूंचा गुडघा वर यायला लागला. त्या पाय उचलणार होत्या. परत दाबण्यासाठी. वणीच्या वळणावर उचलला होता तसा.

"काकू, सोडू नका! दाबून धरा!" मी इतकी ओरडले की माझा घसा फाटला. मीही माझ्या बाजूला दोन्ही पायांनी जमीन दाबली.

काकू तोंडाने "नाय, नाय, नाय" म्हणत होत्या, पण पाय त्यांनी उचलला नाही. जीप थांबली तेव्हा ट्रॉलीतले कांदे मला एकेक ओळखू येत होते. मागची शेवंतीची पोती आमच्या डोक्यावर आली होती. दोघी फुलांत बसून रडलो, आणि ट्रॉलीवाला आम्हालाच शिव्या देत होता. काकू स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होत्या.

"उचलला असता ना गं मी," एवढंच म्हणाल्या.

मी रस्त्याला इतकी वर्षं घाबरले, आणि काकू गेल्या त्या रस्त्यावर नाही. यंदाच्या उन्हाळ्यात साधा ताप आला, तो छातीत उतरला. दवाखान्यात भेटायला गेले तर त्यांनी नाकातली नळी सरकवून विचारलं, "सकाळी कशी जातेस?" मी सांगितलं, रिक्षाने. "दांडी धरून?" मी म्हटलं, हो. त्या हसल्या. आठवड्याभरात गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा पुण्याला परत निघाला. म्हणाला, "ताई, तुम्हाला द्वारकेला सोडतो, वाटेवरच आहे." नवी जीप काकूंच्या आजारपणात मिस्त्रीकडेच पडून होती, तो ती नुकतीच घेऊन आला होता. मी माझ्या जागेवर बसले आणि पायाला काहीतरी टणक लागलं. खाली वाकून पाहिलं. मॅटच्या मधोमध, दोन बोल्टांनी पक्कं बसवलेलं, झिजून गुळगुळीत झालेलं एक पेडल. जुन्या जीपचं.

"आईने ताप यायच्या आधी मिस्त्रीला बसवायला सांगितलं होतं म्हणे," मुलगा म्हणाला. "कशाला जोडलेलं नाहीये ते. त्यालाही कळेना, मलाही. काढून टाकू का?"

"नको," मी म्हणाले.

त्याने गाडी चालू केली. मी चप्पल काढली. बोगदा आला, ट्रक आले, द्वारकेची ती सगळी गर्दी आली. मी ते पेडल एकदाच दाबलं आणि उतरेपर्यंत पाय सोडला नाही.