जमादाराचे सांधे आणि अकरा चमचे

“डाक्टर, सळई लाल व्हायलीय. तुमी जरा बाजूला सरा.”

मी सरलो नाही. जिंतूर तालुक्यातली मेंढपाळांची वाडी होती, अकरा उंबऱ्यांची. अंगणात पेटवलेल्या चुलीत सळई खुपसलेली, आणि चौघांनी दाबून धरलेला एक मोठ्या डोक्याचा तपकिरी कुत्रा. नाव जमादार, वय नऊ. मागचे दोन्ही पाय आखडलेले. मला बाजूला सारणारे बाबाराव म्हणजे वाडीचे कारभारी. दुखऱ्या सांध्यावर डाग दिला की दुखणं जळून जातं, ही त्यांची पिढीजात खात्री. मी सरकारी दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर. आलो होतो मेंढ्यांना लस टोचायला. नोकरीला दोनच वर्षं झाली होती आणि माझं डोकं तापायला चूल लागत नसे.

“डागानं सांधे बरे झाले असते, तर सरकारनं मला सुई कशाला दिली असती? सळईच दिली असती की!”

बायका हसल्या. बाबाराव हसले नाहीत.

“दिवाळी झाली की आमी कळप घिऊन निघणार,” ते म्हणाले. “सहा-सात म्हैने चालणं हाय. ज्याला चालता येत न्हाई, त्याला नेता येत न्हाई. हितं मागं दोन म्हाताऱ्या ऱ्हातेत, त्यांचंच त्यांना व्हत न्हाई. ह्याला कोण बगंल?”

“दिवाळीपर्यंत थांबा. नाही चालला, तर सळई मी स्वतः तापवून देतो.”

बोलून बसलो. हातात होते जेमतेम दोन महिने.

सांध्यात हाडाच्या टोकांवर कूर्चेची मऊ गादी असते. वयानं ती झिजते, मग हाडावर हाड घासतं. गादी नवी बसवता येत नाही. दुखणं कमी करायचं आणि उरलेली गादी जपायची, एवढंच हातात असतं. आज म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांध्यांसाठी सप्लिमेंटची रंगीत पाकिटं मिळतात. तेव्हा मी असलं काही मागितलं असतं, तर मेडिकलवाल्यानं माझंच डोकं तपासलं असतं. म्हणून जे मिळत होतं ते सांगितलं. माशाच्या लिव्हरचं तेल, रोज एक छोटा चमचा. आठवड्यातून दोनदा बकऱ्याचे पाय उकळून काढलेलं पाणी, मीठ-मसाला न घालता, हाडं काढून. सगळी वाडी जमली होती, म्हणून मोठ्यानं सांगितलं. तिथंच चुकलो, पण ते नंतर कळलं.

ऑफिसात साहेबांना बातमी लागलीच.

“कुत्र्याच्या गुडघ्यांसाठी सरकारी मोटारसायकल? रजिस्टरात कुत्र्याचा रकाना तरी आहे का?”

“नाही साहेब. मेंढ्यांचा आहे. वाटेवर लांडगे आहेत, आणि हा कुत्रा कळपात असला तर मेंढ्या वाचतात.”

साहेबांनी चष्मा पुसला. “मग मेंढ्यांच्या रकान्यात लिहा,” म्हणाले.

पंधरा दिवसांनी वाडीवर गेलो, तर जमादार आधीपेक्षा वाईट. पोट बिघडलेलं, तोंड तेलकट, उठायचा कंटाळा. बाबारावांनी नुसतं चुलीकडं बघितलं. औषध बरोबर, मात्रा बरोबर, मग झालं काय? “उद्या सकाळी येतो,” एवढंच म्हणालो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं येऊन बाबारावांच्या बायकोच्या, गयाबाईंच्या, ओट्यावर बसलो. नुसता बघत. जमादार लंगडत पहिल्या दारात गेला. घरची बाई अर्धी भाकर तूप लावून घेऊन आली, वर चमचाभर तेल. ठीक. तो दुसऱ्या दारात गेला. तिथंही अर्धी भाकर, तिथंही चमचा. तिसऱ्या दारातही तेच! चौथ्या घरचा चमचा तर भाजी वाढायचा होता.

“अहो, थांबा!” मी इतक्या जोरात ओरडलो की मेंढ्या बिथरल्या. “तेल किती घरांत आहे?”

“समद्याच,” गयाबाई म्हणाल्या. “बाजाराच्या दिवशी जिंतूरहून बाटल्या आनल्या की.”

“मी एक चमचा म्हणालो होतो!”

“मंग? एकच चमचा द्यायलोत आमी. घरटी.”

दोन वर्षांमागं कळपात लांडगे शिरले होते आणि जमादारानं ते एकट्यानं अडवले होते. तेव्हापासून दिवसाच्या पहिल्या भाकरीतली अर्धी प्रत्येक घर त्याला देत होतं. अकरा घरं, साडेपाच भाकरी, वर तूप. मी त्याच्या बरगड्या चाचपल्या. बोटांना एकही लागेना. पहिल्या दिवशी मी पाय बघितले होते, पोट बघितलंच नव्हतं. झिजलेल्या सांध्यांवर दीड कुत्र्याचं ओझं! माझीच मला लाज वाटली.

“एकाच घरानं द्या,” मी म्हणालो.

“वा! मंग जमादार बरा झाला तर नाव त्याच घरचं व्हईल,” गयाबाई फणकारल्या. “आमच्या मेंढ्या त्यानं वाचवल्या न्हाईत व्हय?”

त्यांचंही खरंच होतं. तेवढ्यात मला शेजारच्या दाराला टेकवलेली काठी दिसली. वाडीत मेंढ्यांच्या राखणीची पाळी असे. ज्याची पाळी त्याच्या दारात काठी. सकाळी ती पुढच्या दारात जाई, आणि त्यावरून कधी भांडण झालेलं कुणाला आठवत नव्हतं.

“काठीबरोबर बाटली फिरवा,” मी म्हणालो. “ज्याच्या दारात काठी, त्यानंच दिवसभरात दोन कोरड्या भाकरी द्यायच्या, एक चमचा तेल द्यायचं आणि ठरलेला वार असला तर पायांचं पाणी. पण आधी आठ दिवस तेल बंद. हे तेल जास्त झालं तर हाडांनाच बाधतं.”

“आन आमच्या दारात यिऊन बसला तर?” एका बाईचे डोळे भरून आले. “त्याला काय सांगू मी?”

“पाणी पाजा. डोक्यावरून हात फिरवा.”

बाबारावांनाही काम दिलं. रोज दुपारी जमादाराला ओढ्यात पोटाएवढ्या पाण्यात हळूहळू चालवायचं. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, सांधे न दुखता पाय चालतात. बाबाराव धोतर खोचून रोज उतरले. महिन्याभरात जमादाराच्या बरगड्या हाताला लागल्या. दिवाळीच्या तोंडावर तो ओढ्यापर्यंत आपण होऊन गेला.

दिवाळीनंतर कळप निघाला, त्या सकाळी मी रजा टाकून गेलो होतो. जमादार उठला. आधी पुढचे पाय ताणले, मग मागचे, सावकाश. थोडा लंगडला, आणि कुणी हाक न मारता कळपाच्या पुढं जाऊन चालू लागला. माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू, चांगलीच फुगली.

“डाक्टर,” बाबाराव म्हणाले, “तुमी लय वरडता. पर वरडणं खरं निघालं.”

पुढं नोकरीत मला दोन प्रशस्तिपत्रं मिळाली. ती कुठं ठेवली ते आठवत नाही, हे वाक्य पाठ आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर कळप परत आला तेव्हा जमादार स्वतःच्या पायांनी परतला होता. सांधे झिजलेलेच होते, ते कुणी भरून काढले नव्हते. तेलाचा गुण किती आणि कमी झालेल्या भाकरींचा किती, हेही मी छातीठोक सांगणार नाही. मात्रा किती द्यायची, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. घरं किती आहेत ते आधी विचारावं, हे मात्र वाडीनं शिकवलं.