मोशीची मूठ

लीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होते. त्यांची भाची म्हणाली, मावशी झोपेतच गेली. मी फोन ठेवला आणि पानातलं सगळं संपवलं. ताट टाकून उठणं त्यांना खपलं नसतं... हे लिहायला मात्र महिना घेतला, कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठ नुकतंच सुरू झालं होतं आणि तिथं इतिहास शिकवणाऱ्या लीलाताईंनी विद्यापीठाचाच इतिहास लिहायला घेतला होता. सहकारी हसायचे, बाळाला अजून दात यायचेत, चरित्र कसलं लिहिता? त्या म्हणत, दात आले की बाळ स्वतःच थापा मारायला लागेल, आत्ताच लिहू. त्यांची मदतनीस मी. चिंचवडची नवी सून, ताजी बी.ए., नंबर नसताना चष्मा लावणारी.

विद्यापीठासाठी गावोगाव निधी जमत होता तेव्हा मोशीच्या बायकांनी रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढून दिलं होतं, हे लीलाताईंच्या कानावर आलं. मोठ्या देणगीदारांच्या पाट्या लागल्या होत्या. मुठीची पाटी कोण लावणार? त्यांना या बायकांवर अख्खं प्रकरण हवं होतं. नाहीतर हा इतिहास नुसता पागोट्यांचा होईल, म्हणायच्या.

भोसरीपर्यंत एसटीनं गेलो, पुढं पायी. मोशीतल्या सोनाबाई भाकरी थापता थापता मोकळ्या बोलू लागल्या. "पोरांच्या वाटची मूठ न्हाई काडली. आमच्याच वाटची काडली." माझी लेखणी धावत होती. शेजारच्या दोघीतिघी दारात येऊन बसल्या. मग सोनाबाईंनी आमच्यापुढं दोन ताटं सरकवली.

मी बी.ए. झाले होते, पण कुणाच्या चुलीवरचं खायचं हे अजून सासूबाई ठरवत. मी गोड हसून सांगितलं, आज माझी एकादशी. आळंदीच्या शेजारच्या गावात, जिथं शेळ्यांनाही तिथी कळत असेल, तिथं ही माझी हुशारी!

सोनाबाईंनी ताट हळूच मागं ओढलं. "आज दशमी हाय, बाई."

आवाज चढला नाही की काही नाही. लीलाताई दोन भाकऱ्या जेवल्या, मी खाली बघत बसले. दारातल्या बायका एकेक करून उठून गेल्या. मुठीचं पुढं विचारलं, तर सोनाबाई म्हणाल्या, त्यात काय सांगायचं, दाणंच ते. नंतर लीलाताई एकट्या दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा पोटभर जेवण मिळालं, पाऊसपाणी कळलं, मुठीबद्दल मात्र कुणालाच काही आठवेना.

मला त्या कधी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. त्या फक्त मी घरी गेले की ताट वाढून मिश्कीलपणे विचारायच्या, "आज दशमीच ना?" मीही हसायचे. साठेक वर्षं हसले...

पण आता आठवते ती त्यांची चिंचवडची खोली, आणि पुस्तकाची प्रस्तावना सांगत फेऱ्या घालणाऱ्या त्या. मी टिपून घेत होते. "मोशीच्या स्त्रियांचा वाटा या ग्रंथात येऊ शकला नाही," त्या म्हणाल्या. मग खिडकीपाशी थांबल्या. "त्यांचा विश्वास मला राखता आला नाही. दोष माझा."

त्या थांबून राहिल्या. मी काही बोलेन म्हणून असेल.

मी विचारलं, "पुढे?"