काचेच्या तंतूंची खाज

मंडळी, सकाळपासून चैन नाही.

दहिवलीतल्या घराचा गिलावा चाललाय. भेगा पडू नयेत म्हणून मिस्त्री सिमेंटात काचेचे तंतू मिसळत होता. मीही हौसेनं हात घातला. अंगभर खाज सुटली. तेवढ्यात नात बिलगायला धावत आली. मी खेकसलो, “लांब रा गं!” ती रडत खोलीत गेली.

ऐंशी सालाच्या सुमारास बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात हेच तंतू सिमेंटात कालवायचे. घरी आले की अंगणातूनच ओरडायचे, “लांब रा रं!” आणि थेट विहिरीवर जायचे. अंघोळ करून आले की मला हाका मारायचे. मी रुसून बसायचो, जायचो नाही.

अंघोळ करून कधीचा तिच्या दाराशी येरझाऱ्या घालतोय. नात ओ देत नाही.

बाबा असेच किती वेळ उभे राहत असतील हो?