सात दगड, सहा किलोमीटर

“पयले दात मोज, मंग मीटर पाह्य,” असं म्हणत मिस्त्री ग्रीसनं माखलेलं दातेरी चाक मांडीवर घ्यायचे आणि अंगठ्याच्या नखानं एकेक दात मोजायचे. चाकावर आकडा कोरलेला असला तरी मोजायचे. मधेच कुणी बोललं की पुन्हा एकपासून सुरू. ट्रकवाले चेष्टा करायचे, कारण मिस्त्रींच्या स्वतःच्या तोंडात मोजण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. तेही हसायचे, आणि हसले की ते आणखीच उघडं पडायचं.

जामच्या फाट्यावर, नागपूरचा, हिंगणघाटचा आणि चांद्याचा रस्ता जिथे मिळतो, तिथे त्यांची टिनाची शेड होती. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. ते लिहिण्याचा हक्क मी गमावला आहे. का, ते सांगतो.

तुम्हीही असे मिस्त्री पाहिले असतील, पण त्यातले बहुतेक गिऱ्हाईक म्हणेल तसं मीटर फिरवून देतात. हे देत नसत. एकदा एक व्यापारी जुना ट्रक विकायला काढून त्यांच्याकडे आला आणि मीटर चाळीस हजारांनी मागे घ्या म्हणाला. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, “घेतो ना. पण मंग टायर, स्प्रिंगा अन् डायवर, यायलेई तेवढंच मांगं नेऊन आना.” व्यापारी चहा अर्धा टाकून निघून गेला.

मी तेव्हा हिंगणघाटला एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. फॅक्टरीच्या तीन ट्रकांच्या फेऱ्या, किलोमीटर आणि डिझेल लिहिणं हे माझं काम. सत्तरचं दशक सरत आलं होतं. ऐन कापसाच्या हंगामात एक ट्रक अल्लीपूरजवळ बसला. मागच्या एक्सलमधल्या क्राउनचे, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचे, दात झडले होते. तो ट्रक रोहण्याचा सुदाम चालवायचा, आमच्याकडे अकरा वर्षं झालेला, अबोल माणूस.

मी ट्रक ओढवून जामला नेला आणि मिस्त्रींनी एक्सल उघडला. क्राउनला फिरवणाऱ्या लहान चाकाला, जुन्या पिनियनला, सहा दात होते. तशी जोडी नागपुरात मिळेना. मिळाली ती सात दातांची. हंगामात गाडी उभी ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तीच बसवली. आता गंमत अशी, की पिनियनचा एक दात वाढला की चाक तेवढंच फिरवायला मधल्या शाफ्टला कमी फिरावं लागतं, आणि मीटर चालतं ते त्या शाफ्टवर. गाडी सात किलोमीटर गेली तरी मीटर सहाच दाखवणार.

मिस्त्रींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “बाबू, हे लिहून ठेव. मीटरची लहान गरारी नागपूरवरून येऊस्तोर या गाडीच्या सहाले सात धरजो.”

मी मान हलवली. खरं म्हणजे मला अर्धंच कळलं होतं. पण मी मॅट्रिक झालेला, ते चौथी शिकलेले. त्यांना परत विचारायचं मला कमीपणाचं वाटलं. फॅक्टरीत परतलो तर फाटकापाशी कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली होती. लिहायचं राहिलं ते राहिलंच. तिकडे मीटरचं ते दातेरी चाक, गरारी, यायला उशीर झाला, आणि हंगामात ट्रक परत जामला पाठवायची सवड कुणाला नव्हती.

दोन महिन्यांनी रजिस्टर जुळवताना दिसलं, की लिटरला चार किलोमीटरच्या वर जाणारा सुदामचा ट्रक साडेतीनवर आला आहे. मी त्याखाली लाल रेघ ओढली आणि रजिस्टर घेऊन आपणहून मॅनेजरसाहेबांकडे गेलो. माझी छाती फुगली होती, हेही सांगून टाकतो. मिस्त्रींचं बोलणं तेव्हा आठवलंच नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवलं होतं. साहेबांच्या टेबलावर रजिस्टर ठेवून झाल्यावर आठवलं. पण तोवर साहेब “शाबास” म्हणून बसले होते.

सुदाम डिझेल विकतो, असं ठरलं. त्यानं एकदाच सांगितलं की विकत नाही. मग किल्ली दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि गेला. त्यानंतर कुणी मालक त्याला गाडीवर घेईना. रोहण्याला त्याची बायको विहिरीवर गेली की बाया तिला डिझेलचा भाव विचारायच्या.

वीसेक दिवसांनी मिस्त्रींच्या कानावर ही गोष्ट गेली. ते त्याच दिवशी बसनं हिंगणघाटला आले. साहेबांचा विश्वास बसेना; मिस्त्री आणि डायवर मिळालेले असतात, असं ते तोंडावर म्हणाले. मिस्त्री रागावले नाहीत. एक तास द्या, गाडीत बसा आणि रस्त्यावरचे दगड मोजा, एवढंच म्हणाले. ते स्वतः चालवायला बसले, शेजारी साहेब, मागे रजिस्टर मांडीवर घेऊन मी. जामच्या रस्त्यावर एका किलोमीटरच्या दगडापाशी मीटरचा आकडा टिपला. मग गाडी चालली आणि साहेब बोटांवर दगड मोजू लागले. सातवा दगड आला तेव्हा मीटर सहा पुढे सरकलं होतं.

साहेबांनी मीटरवर वाकून आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, “हे बसवलं तेव्हाच का नाही सांगितलं?”

मिस्त्रींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरकडे पाहिलं.

“सांगाचं राहून गेलं, साहेब,” ते म्हणाले. “माही चूक हाय.”

मी तोंड उघडलं नाही. जीभ जड झाली वगैरे काही नाही. नोकरी जाईल म्हणून भ्यालो.

सुदामला परत बोलावलं. मिस्त्रीनं चूक केली आणि दडवून ठेवली, असं त्याला सांगण्यात आलं. फॅक्टरीचं काम मिस्त्रींकडे जाणं बंद झालं. एवढं मोठं गिऱ्हाईक गेलेलं पाहून बाकीचेही बिचकले. शेडसमोर पूर्वी चारपाच ट्रक उभे असत, तिथे आता एखादा ट्रॅक्टर दिसायचा. सुदाम त्या दारावरून दिवसाआड जायचा. मान वळवत नसे. मिस्त्री मात्र गाडी ओळखून बाहेर यायचे आणि हात उचलायचे. मी दोनतीनदा त्याच केबिनमध्ये होतो.

वर्षभरानं मी एकटा जामला गेलो आणि त्यांना विचारलं, की माझं नाव का घेतलं नाही. ते स्प्रिंगचं पान घासत होते. म्हणाले, “तू मान हालवली, पन तुले समजलं नोतं. थे मले दिसलं होतं, बाबू. तरी म्या दुसऱ्यांदा नाई सांगतलं. मंग चूक कोनाची?”

मी म्हणालो, सुदामला सगळं सांगतो. “सांगजो,” ते म्हणाले, “तुह्या मनानं घेतलं की सांगजो.” माझ्या मनानं घ्यायला पाच वर्षं लागली.

तेव्हा आम्ही नागपूरला कापसाच्या गाठी उतरवून रिकाम्या ट्रकनं परत येत होतो. जाम जवळ आलं आणि मी बोलायला लागलो. रजिस्टर, लाल रेघ, सगळं सांगितलं. फाट्यावर सुदामनं गाडी बाजूला घेतली आणि उतरून सरळ शेडकडे गेला. शेडमध्ये सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या. बाजूच्या चहावाल्यानं सांगितलं, की मिस्त्री काम बंद करून पोरीकडे गेले होते, तिथेच पोळ्याच्या आधी वारले.

सुदाम गोण्यांसमोर उभा राहिला. त्यानं डोक्याचं फडकं सोडलं, हातात घेतलं आणि तसाच परत आला. केबिनमध्ये चढून बसला, पण गाडी सुरू केली नाही.

“थो मानूस हात उचले,” तो समोर पाहत म्हणाला. “अन् तुमी माह्या बाजूले बसून राहत होते.”

त्यानं हात लांबवून माझ्या बाजूचं दार उघडलं.

“उतरा, बाबूजी. तुमी बसनं या.”

मी उतरलो. ट्रक हिंगणघाटच्या रस्त्याला लागून दिसेनासा झाला. थोड्या वेळानं बस आली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, आणि मला तिच्यात चढवेना.