मशीनला घातलेला हार

शेवंतीचा वास आला की मला देव्हारा नाही, लातूरच्या दवाखान्यातलं डायलिसिसचं मशीन आठवतं. निलंग्याहून आईला घेऊन मी एसटीनं तिथं जायचे. मशीन कुणीतरी दान दिलेलं. वर एका माणसाचं नाव, खाली 'स्मरणार्थ'. एकदा आईचं रक्त त्यातून फिरत असतानाच एक म्हातारी आली. तिनं मशीनला शेवंतीचा हार घातला, डोकं टेकवलं आणि आईला विचारलं, "आमचे मालक तरास देत न्हाईत ना?" आई गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मग कशीबशी म्हणाली, "न्हाई बाई, लई शांत हायत." "त्यायला येळंवर असलं मशीन मिळालं न्हाई," म्हणत म्हातारी डोळे पुसत निघून गेली. पुढच्या खेपेला आईनं खाटेवर बसल्या बसल्या मशीनकडं बघितलं आणि डोक्यावरून पदर घेतला. "अगं, मशीन हाय ते," मी म्हणाले. "असू दे. मोठा माणूस हाय." हसावं की रडावं, मला कळेना. आता आई नाही. परवा शेजारणीला घेऊन त्याच दवाखान्यात गेले, तर त्या मशीनसमोर माझाच हात ओढणीकडं गेला.