तोंडाला तोंड लावलेली मडकी

संग्रहालयात काचेआड दोन जुनी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवली होती. पाटी न वाचताच मी धाकट्या बहिणीला ऐटीत सांगून टाकलं, "ही धान्याची कोठी बरं का. उंदरांवर उपाय!" माझी विद्वत्ता ही अशी, पाटीच्या पुढे धावणारी.

सुमनने पाटी वाचली. "दादा, यात तान्ही बाळं पुरायचे. राहत्या घरातच, जमिनीखाली."

गेल्या वर्षी बारशाआधीच तिचं बाळ गेलं. तान्ह्याला जाळत नाहीत, म्हणून आम्ही पुरुषांनीच नेऊन पुरलं. हजारो वर्षं पुरण्याची रीत तेवढी टिकली. आईला जागा सांगायची नाही, हे आपण मधेच कधीतरी शिकलो असणार. त्या काळच्या बाईला भाकरी थापतानाही ठाऊक असे, आपलं लेकरू कुठं निजलं आहे.

"त्या बायकांचं बरं होतं," काचेवर बोट टेकवत सुमन म्हणाली. "माझं कुठं ठेवलंत रे?"

रीत मोडून मी सांगितलं, "ओढ्यापलीकडे. बाभळीखाली."

"तिथं तर सगळ्या बाभळीच आहेत. कोणत्या?"

जागेवर खूण ठेवायची नाही, अशीही एक रीत आहे. ती आम्ही नीट पाळली होती.